कोल्हापुरात शिकताय? सिनेमा, नाटक आणि विनोदाचे कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडहिंग्लज, राधानगरी, सिंधुदुर्ग, नाहीतर थेट मराठवाड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेली पोरंपोरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे हमखास विचारतात, ते इथे एकत्र केलंय. तिकिटांचे दर आणि खेळांच्या वेळा आठवड्याला बदलतात, त्या इथे शोधू नका. बाकी जिथे माझं मत आहे तिथे ते सरळ सांगितलंय.

नवा सिनेमा लागला की जायचं कुठे?

मल्टिप्लेक्समध्ये. कावळा नाक्याकडे डीवायपी सिटी मॉलमध्ये पीव्हीआर आहे आणि रिलायन्स मॉलमध्ये आयनॉक्स. २०२३ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या. पार्वती हे थिएटर म्हणजे गावातलं जुनं नाव, कोल्हापूरकरांच्या तोंडात बसलेलं. विद्यापीठ, सागरमाळ, राजारामपुरी या भागात राहणाऱ्यांना ते सोयीचं पडतं.

गर्दीची कल्पना असू द्या. दाक्षिणात्य डब सिनेमा आणि मोठा ऐतिहासिक मराठी सिनेमा या दोन्हींना इथे पहिल्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. शिट्ट्या, घोषणा, शिवगर्जना सगळं चालतं. शांतपणे संवाद ऐकायचे असतील तर मंगळवार-बुधवारचा सकाळचा खेळ धरा.

रिक्षावाला 'उमा टॉकीजला सोडू का' म्हणतो. हे थिएटर ॲपवर का दिसत नाही?

कारण कोल्हापूरचे पत्ते अजून टॉकीजवर चालतात. उमा टॉकीज, पद्मा टॉकीज, उषा टॉकीज, व्हीनस कॉर्नर ही नावं आता चौकांची, स्टॉपची आणि भाड्याच्या खोलीच्या जाहिरातींची झाली आहेत. एके काळी गावात एकपडदा थिएटरांची रांग होती. पिटातलं तिकीट, स्टॉल, बाल्कनी अशी उतरंड असायची आणि खिडकीत हात घातला की तिकीट घेऊनच बाहेर काढायचा, मनगट सोलवटलं तरी. त्यातली बरीचशी बंद पडली. तेव्हा पत्त्यात टॉकीज आहे म्हणून सिनेमा असेलच असं नाही. ॲपवर खेळ दिसला तरच निघा.

खिशात दोनशे रुपये आहेत. सिनेमा होतो का?

होतो, पण वार आणि वेळ बघून. सकाळचा पहिला खेळ स्वस्त, शनिवार-रविवारची संध्याकाळ महाग, आणि मागच्या रांगेतल्या गुबगुबीत खुर्च्या विद्यार्थ्यासाठी नाहीतच. मधल्या रांगेच्या थोडं पुढे बसलात तर पडदाही नीट दिसतो आणि दरही खालचा लागतो.

कराचं गणित माहीत असलेलं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि शंभरच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे मूळ तिकीट १०० रुपयांचं असेल तर हातात १०५ ला पडतं, आणि ११० चं असेल तर जवळजवळ १३० ला. मूळ किमतीत दहाचा फरक, खिशाला पंचवीसचा. म्हणून शंभरच्या आतला खेळ दिसला की तो सोडू नका.

राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून थिएटरवाले अधूनमधून एका दिवसासाठी सरसकट दर उतरवतात. २०२२ मध्ये तो ७५ रुपये होता, २०२३ आणि २०२४ मध्ये ९९. तारीख दर वर्षी वेगळी असते आणि आधी थोडेच दिवस जाहीर होते. वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी टाकणाऱ्याला मेसमध्ये एक पोळी जास्त वाढावी.

ॲपवर काढू की खिडकीवर?

दोघं असाल आणि सिनेमा नवा असेल तर ॲप. सात-आठ जणांचं टोळकं असेल आणि सिनेमा दुसऱ्या आठवड्यात असेल तर एकाला खिडकीवर पाठवा. ॲप दर तिकिटामागे सुविधा शुल्क घेतं, त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. आठ तिकिटांचं मिळून जे जातं त्यात खासबागेत सगळ्यांची भेळ होते. बँकेच्या कार्डावर 'एकावर एक फुकट' असतं, पण त्यासाठी नवं कार्ड काढण्याच्या भानगडीत पडू नका.

घरचा डबा किंवा पाणी आत नेता येतं का?

डबा नाही. थिएटर ही खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणायला मालक मनाई करू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा बाटली विकत घ्यायच्या आधी 'पाण्याचा नळ कुठे आहे' असं बिनधास्त विचारा. असतो, फक्त कोपऱ्यात असतो.

मी बारावीला आहे, सतरा पूर्ण. 'ए' सिनेमाला सोडतील?

नाही, आणि दारातल्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. 'ए' म्हणजे अठरा पूर्ण, आधार कार्ड मागतात. आई-वडील सोबत असले तरी चालत नाही. 'यूए' चे आता तीन प्रकार झाले आहेत, ७+, १३+ आणि १६+. तिथे वयाचा आकडा पालकांना सांगण्यासाठी आहे, 'ए' सारखी बंदी नाही. तिकीट काढताना हे न बघता पैसे भरले तर ते परत मिळण्याची आशा सोडा.

रात्रीचा खेळ सुटल्यावर परत कसं यायचं?

केएमटीच्या भरवशावर राहू नका, त्या वेळी बस नसते. जाताना चालत आणि येताना चौघांत एक रिक्षा हा जुना हिशेब अजून बरोबर आहे. मीटरची अपेक्षा धरू नका, बसायच्या आधी ठरवून घ्या. मुलींच्या वसतिगृहांचं गेट लवकर बंद होतं, त्यामुळे तीन-साडेतीनचा खेळ हाच त्यांचा खरा 'प्राइम टाइम'. अडीच तासांचा सिनेमा, मध्यंतर आणि सुरुवातीच्या जाहिराती धरून साडेसहापर्यंत बाहेर पडता येतं.

मराठी सिनेमा बघायला जातो तर खेळ दुपारी पावणेबाराला एकच. असं का?

पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत की थिएटर तो पडदा दुसऱ्या सिनेमाला देतं. मराठीला सुरुवातीलाच अडचणीची वेळ मिळते, त्या वेळेला कॉलेजची पोरं तासाला बसलेली असतात, खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या राहिल्या म्हणून दुसऱ्या शुक्रवारी खेळ जातो. ज्या गावात अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे त्या गावात ही गत आहे. तेव्हा बघायचा असलेला मराठी सिनेमा 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून ठेवू नका.

जगातले वेगळे सिनेमे, जुने सिनेमे बघायला मिळतात का?

मिळतात, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक असतं. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी वर्षानुवर्षं असे चित्रपट दाखवत आली आहे. कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला 'किफ', हीच मंडळी भरवतात. दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन ही या चळवळीची ओळखीची जागा. महोत्सवाला एका चित्रपटाचं तिकीट नसतं, पूर्ण दिवसांची प्रतिनिधी नोंदणी असते. ओळखपत्र घेऊन जा आणि विद्यार्थ्यांचा दर विचारून घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन गोष्टी जड जातात : सबटायटल वाचत बघणं आणि मध्यंतर नसणं. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, तिसऱ्या दिवशी इराणी माणूस काय बोलतोय ते सबटायटलाआधी कळल्यासारखं वाटायला लागतं. चित्रपट संपल्यावर चहाच्या टपरीवर जे वाद रंगतात ते चुकवू नका. तिथे सत्तरीचे आजोबा आणि एफवायची पोरगी एकमेकांना खोडून काढत असतात.

बाबूराव पेंटर कोण, हा पुढचा प्रश्न असतोच. परदेशी कॅमेरा बघून त्यांनी स्वतःचा कॅमेरा इथेच घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच सुरू केली, ती १९३३ ला पुण्याला गेली. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. ज्या गल्ल्यांतून तुम्ही मेसला जाता त्यांतल्या काहींत मराठी सिनेमा जन्मला आहे.

केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक बघायचं होतं. ते जळलं म्हणतात ते खरं का?

खरं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खासबाग मैदानाशेजारी उभं केलेलं हे थिएटर. आधी त्याचं नाव पॅलेस थिएटर. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच एका भिंतीआड ठेवण्याची कल्पना फक्त त्यांनाच सुचू जाणे. त्या रात्री गावातली वयस्क माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.

नाट्यगृह पुन्हा जसंच्या तसं उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. तुम्ही हे वाचाल तेव्हा काय स्थिती असेल ते बघून घ्या. जाहिरातीत नाटकाचं नाव बघून थेट खासबाग गाठू नका, खालचं ठिकाण वाचा.

मग नाटकं कुठे होतात?

गावात गायन समाज देवल क्लबचं गोविंदराव टेंबे रंगमंदिर आणि शाहू स्मारक. दोन्ही छोटी आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाचा मोठा संच तिथे मावेलच असं नाही. असं नाटक बघायचंच असेल तर एसटीने जा : इचलकरंजीचं श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे नाट्यगृह तासाभरावर, सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यमंदिर त्याहून थोडं लांब. सांगलीला रात्रीचा प्रयोग असेल तर परतीची शेवटची एसटी आधी विचारा. दुपारचा प्रयोग मिळाला तर सोनंच.

जाहिरात अजूनही स्थानिक पेपरात आतल्या पानावर येते. मेसमधला पेपर फक्त कुस्ती आणि फुटबॉलसाठी उघडत असाल तर एक पान मागे जा.

स्वस्तातलं नाटक?

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं, कोल्हापूर केंद्रावर रोज एक नवं नाटक होतं आणि तिकीट वडापावाच्या किमतीत असतं. साधारण हिवाळ्यात प्राथमिक फेरी येते. खरं सांगायचं तर रोजचं नाटक चांगलं असतंच असं नाही. काही दिवशी दोन तास खुर्चीत चुळबुळ करण्यात जातात. पण ज्या दिवशी जमतं त्या दिवशी, नोकरी सांभाळून तीन महिने तालीम केलेली माणसं रंगमंचावर काय करू शकतात ते दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा तुम्हाला बँकेच्या काउंटरवर भेटतो.

स्टँडअप कॉमेडी होते का कोल्हापुरात?

होते, पण पुण्यासारखी दर शनिवारी नाही. दोन प्रकार आहेत. एक, यूट्यूबवर गाजलेले कलाकार दौऱ्यावर येतात, सभागृह किंवा हॉटेलचा हॉल घेतात, तिकीट ॲपवर सुटतं. विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड जातं आणि बहुतेक वेळा तेच विनोद दोन महिन्यांनी यूट्यूबवर येतात. तरी एकदा तरी जावं, कारण हॉलमध्ये बसून हसणं आणि कानात इअरफोन घालून हसणं यात फार फरक आहे.

दुसरा प्रकार कॅफेतला ओपन माइक. पंधरा-वीस खुर्च्या, एक माइक, आणि कोल्ड कॉफीचा मिक्सर नेमका पंचलाइनच्या वेळी सुरू होतो. प्रवेश कॉफीच्या बिलात वळता होतो. हे कार्यक्रम चालू होतात, चार महिने चालतात, बंद पडतात, दुसऱ्या कॅफेत सुरू होतात. इन्स्टाग्रामवर 'कोल्हापूर ओपन माइक' असं शोधा आणि पोस्टची तारीख बघा. मागच्या वर्षीचं पोस्टर घेऊन दारात उभी राहिलेली पोरं दिसतात कधीकधी.

माझं म्हणणं विचाराल तर, 'कॉमेडी शो' अशी पाटी लावून जे विकलं जातं ते या गावात थोडं आहे. पाटी नसलेलं भरपूर आहे, आणि ते बरंचसं फुकट आहे. पुढचे दोन प्रश्न त्याच्यासाठीच.

फुकटात पोट धरून हसायचं असेल तर?

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव. आधी जिल्हास्तर, मग मध्यवर्ती. लघुनाटिका, प्रहसन, नक्कल, मूकनाट्य, पथनाट्य, सगळं दिवसभर चालतं. ज्या कॉलेजात असेल तिथे गेटमधून आत जायचं, मांडवात बसायचं.

नियम मोठे मजेशीर आहेत. प्रहसनाला सहा कलाकार आणि दहा मिनिटं. नक्कल एकट्याने, पाच मिनिटांत. वेळ संपली की घंटा. त्या दहा मिनिटांत पोरं ग्रामपंचायतीची निवडणूक, ऊसतोड, ऑनलाइन लग्नाची स्थळं आणि प्राचार्यांची गॅदरिंगची भाषणं असं सगळं कोंबतात. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या आणि एक टॉवेल. टॉवेल डोक्याला गुंडाळला की म्हातारी, खांद्यावर टाकला की सरपंच, कमरेला लावला की पैलवान. समोर बसलेली दुसऱ्या कॉलेजची पोरं हसायचं नाही असं ठरवून आलेली असतात, आणि तिसऱ्या मिनिटाला फुटतात. पैसे घेऊन उभा राहणाऱ्या कलाकाराला असा तिखट प्रेक्षक मिळत नाही.

आणि गणपतीत?

सजीव देखावे. कोल्हापूरच्या पेठांमधली मंडळं गौरी-गणपतीच्या दिवसांत रस्त्याकडेला पंधरा-वीस मिनिटांची नाटुकली करतात. गल्लीतलीच माणसं, गल्लीतलाच मेकअपवाला. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, कलाकार त्यावर ओठ हलवतात, त्यामुळे कधी कधी टेप पुढे जाते आणि सासूचा आवाज सुनेच्या तोंडून येतो. लेखकाने लिहिलेल्या विनोदापेक्षा तिथे जास्त टाळ्या पडतात. विषय गंभीर असला, शेतकऱ्याचा किंवा व्यसनाचा, तरी एक इरसाल पात्र असतंच. ती तमाशातल्या सोंगाड्याची वाट आहे. राजारामपुरी मात्र तांत्रिक देखाव्यांची, तिथे हलणाऱ्या मूर्ती बघायला जायचं. सजीवसाठी शिवाजी पेठ, मंगळवार पेठेकडे वळा आणि चालत फिरा, गाडी लावायला जागा मिळणार नाही.

मी लातूरचा आहे. इथला विनोद मला कळेल का?

आठ दिवसांत कळेल. इथे प्रेमाने बोलतात तेही भांडल्यासारखं वाटतं, एवढं ध्यानात ठेवा. 'काय भावा', 'नाद खुळा', 'जगात भारी' हे तुम्ही लगेच उचलाल, सगळेच उचलतात. त्यापलीकडचा विनोद सांगण्याच्या पद्धतीत असतो : चेहरा ढिम्म, आवाज एका पट्टीत, आणि वाक्याच्या शेवटी घाव. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील कथाकथनातून हेच करायचे. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांसोबत त्यांनी गावोगावच्या प्रेक्षकांना नुसत्या गोष्टी सांगून खुर्चीला खिळवून ठेवलं. स्टँडअप हा शब्द तेव्हा इथे कोणी ऐकलाही नव्हता.

मला स्वतःला उभं राहायचंय. सुरुवात कुठून करू?

कॉलेजच्या सांस्कृतिक विभागातून. युवा महोत्सवाच्या निवडीला नक्कल किंवा प्रहसनात नाव द्या, निवड नाही झाली तरी तालमीला बसता येतं. गंभीरपणे शिकायचं असेल तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. मग कॅफेचा ओपन माइक. तिथे पाच मिनिटं मिळाली तर साडेचारच वापरा. वडिलांच्या चपलेवरचा विनोद सगळेच सांगतात, तुमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीवरचा फक्त तुम्हालाच येतो. आणि जात, दिसणं, मुलींचे कपडे यांवर हशा काढू नका. महोत्सवात अश्लीलतेवरून संघ बाद होतो, कॅफेत नुसती शांतता पसरते, आणि ती जास्त लागते.

शूटिंग बघायला मिळतं का?

मोरेवाडीला कोल्हापूर चित्रनगरी आहे, मालिकांची-सिनेमांची चित्रीकरणं होतात. पण ती बाग नव्हे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. गर्दीतला कलाकार म्हणून जायची संधी आली तर पैसे किती, किती तास आणि जेवण आहे का हे आधी विचारा. नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिरा.

खेळाच्या आधी किंवा नंतर खायचं काय?

खासबागेजवळ असाल तर राजाभाऊंची भेळ. रात्री उशीर झाला तर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, डोळ्यासमोर काढून देतात. मिसळ सकाळच्या खेळाआधी खाऊ नका. मध्यंतरापर्यंत डोळे मिटायला लागतात आणि तिकीट वाया जातं.

थिएटरमध्ये मोबाइलवर थोडंसं शूट करून स्टेटसला टाकलं तर?

नका करू. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर पडद्यावरचं चोरून रेकॉर्डिंग करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किमान तीन लाखांपासून सुरू होतो. स्टँडअपच्या कार्यक्रमात कायद्याइतकीच लाजेची गोष्ट आहे : कलाकार वर्षभर घासलेला विनोद तुमच्या स्टेटसवर आधीच फुटतो. तिकिटाचा फोटो टाका, खुर्चीवर बसल्याचा सेल्फी टाका. दिवे गेले की फोन खिशात.